स्वराचे स्थान

चातुर्मास लागला की पंधरा दिवसांत कात्रजच्या डोंगरांचा रंग पालटतो. उन्हाळ्यात करडे पडलेले उतार हिरवे होतात, घाटातल्या ओहोळांना पाणी येते आणि पहाटे, उजाडायला अवकाश असतानाच, त्या पाण्याच्या खळखळाटावरून एक शीळ तरंगत येते. प्रथम ऐकणाऱ्यास ती माणसाचीच वाटते. सूर सरळ निघतो, मध्येच चढतो, मग पुढचे आठवत नसल्यासारखा भलतीकडे वळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. शाळेच्या वाटेवर रमतगमत निघालेल्या मुलाने घालावी तशी ही शीळ असल्यामुळे इंग्रजांनी या पक्ष्याला ‘शीळ घालणारा शाळकरी पोरगा’ असेच टोपणनाव दिले. मराठीत याचे नाव शीळकरी कस्तूर. साळुंकीपेक्षा किंचित मोठा, काळा, खांद्यावर आणि कपाळावर चमकदार निळी झाक. सह्याद्रीच्या ओल्या कपारींत, ओढ्याकाठी याचा निवास असतो.

घाटात फिरायला जाणारी मंडळी त्या शिळेकडे कौतुकाने कान देतात आणि ‘काय गळा आहे!’ असे म्हणून पुढे चालू लागतात. उद्गार प्रामाणिक असला, तरी शरीररचनेच्या दृष्टीने चुकीचा आहे. कस्तुराचा स्वर गळ्यात जन्मत नाही. ही चूक नुसती शब्दाची असती, तर तिच्यावर एवढा कागद खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु जखमी पाखरू हातात येते तेव्हा हीच चूक त्याच्या जिवावर बेतू शकते.

स्वर शरीरात कोठे उपजतो, हा प्रश्न जैन परंपरेला नवा नाही. कात्रजला दर्शनासाठी येणाऱ्या प्रत्येकाला तेथील आगम मंदिर ठाऊक असते. ज्या आगमांच्या नावाने ते मंदिर उभे आहे, त्यांतील स्थानांगसूत्राच्या सातव्या स्थानात सप्तस्वरांचे प्रकरण आहे. तेथे दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली, कोणता स्वर शरीरातील कोणत्या स्थानी उपजतो: षड्ज जिभेच्या टोकाशी, ऋषभ छातीत, गांधार कंठात, मध्यम जिभेच्या मध्यभागी, पंचम नासिकेत, धैवत दात व ओठ यांच्या ठायी, निषाद मस्तकात. दुसरी, कोणता जीव कोणत्या स्वरात बोलतो: मोर षड्जात, कोंबडा ऋषभात, हंस गांधारात, वसंतातील कोकीळ पंचमात, सारस व क्रौंच धैवतात. अनुयोगद्वारसूत्रातही हा विषय येतो. स्थानांची यादी माणसाची आहे, जीवांची यादी निराळी. पाखरांच्या बाबतीत ‘स्थान कोणते’ असे विचारले, तर आजच्या जीवशास्त्राचे उत्तर त्या यादीतल्या ऋषभाच्या स्थानाजवळ जाते. पाखराचा स्वर छातीत उपजतो.

माणसाचे स्वरयंत्र श्वासनळीच्या वरच्या टोकाला असते. पक्ष्यालाही तेथे एक द्वार आहे. पण त्यात स्वरतंतू नाहीत. हवा आत-बाहेर सोडणे आणि गिळताना बंद होणे एवढेच त्याचे काम. त्याचा खरा स्वर निर्माण होतो तो श्वासनळीच्या तळाशी, जेथे तिच्या दोन शाखा होऊन एक डाव्या व एक उजव्या फुप्फुसाकडे जाते, त्या फाट्यावर. तेथे असलेल्या अवयवाला मराठी परिभाषेत शब्दिनी म्हणतात. त्याचे ‘सिरिंक्स’ हे इंग्रजी नाव थॉमस हक्सले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८७२ साली रूढ केले. ग्रीक कथेतील सिरिंक्स नावाच्या अप्सरेचे वेळूच्या बेटात रूपांतर झाले आणि त्या वेळूंतून देवाने पावा केला, अशी त्या नावामागची गोष्ट आहे.

नाव पाव्याचे असले, तरी आपल्याकडील वाचकाला याहून नेमकी उपमा सापडते. मूळ राजस्थानातून आलेल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनी अलगोजा ऐकलेला असेल. दोन बासऱ्या एकाच तोंडात धरून एकाच श्वासावर वाजवायच्या. एकीवर सूर धरून ठेवायचा, दुसरीवर धून खेळवायची. गाणाऱ्या पक्ष्याची शब्दिनी हा असाच अलगोजा आहे. फाट्याच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक शाखेच्या तोंडाशी, मऊ ओठांसारख्या पेशींच्या घड्या असतात. फुप्फुसांकडून हवा वर येते, या घड्या एकमेकींजवळ येऊन थरथरतात आणि नाद उमटतो. पूर्वी असा समज होता, की शाखांच्या आतल्या बाजूचा पातळ पडदा नाद उत्पन्न करतो. १९९७ साली फ्रान्झ गोलर व ओले लार्सन या संशोधकांनी अतिशय बारीक दुर्बीण श्वासमार्गात घालून जिवंत पक्ष्याची शब्दिनी प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा थरथरताना दिसल्या त्या या घड्या.

अलगोजाचे दोन पावे एकाच माणसाच्या हातात असतात. शब्दिनीच्या दोन बाजूंना मात्र आपापले स्नायू आणि आपापल्या मज्जातंतू आहेत. डावीकडचा कारभार डावी मज्जातंतू पाहते, उजवीकडचा उजवी. एकाच पेढीवर दोन स्वतंत्र खाती असावीत, तसा हा प्रकार. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात रॉडरिक सदर्स यांनी कॅटबर्ड नावाच्या पक्ष्याच्या दोन्ही शाखांतील हवेचा प्रवाह निरनिराळा मोजला आणि तो कधी डाव्या बाजूने, कधी उजव्या बाजूने, तर कधी दोन्हींनी एकदम दोन वेगळे सूर काढतो, हे १९९० साली प्रसिद्ध केले. कार्डिनल नावाच्या लाल पक्ष्याची तान तर आणखी नवलाची. खर्जाकडून तारेकडे जाणारी त्याची मींड ऐकायला अखंड वाटते. प्रत्यक्षात खालचा भाग डावी बाजू गाते, वरचा उजवी, आणि मध्ये सूर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सुपूर्द होतो तो सांधा कानाला कळतही नाही. जुगलबंदीत दोन गवय्यांना जे वर्षानुवर्षांच्या संगतीने साधते, ते येथे एका छातीत चालते.

हे सर्व घडते श्वासावर, म्हणून पाखराचा श्वासही समजून घ्यावयास हवा. आपली फुप्फुसे फुगतात आणि आकसतात. पक्ष्याची फुप्फुसे जवळजवळ फुगतच नाहीत. ती घट्ट असतात. त्यांना जोडून शरीरभर हवेच्या पातळ पिशव्या पसरलेल्या असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ, आणि भात्याचे काम या पिशव्या करतात. मंदिरात स्तवनाला वाजणाऱ्या हार्मोनियमचा भाता मागे असतो व सूर पट्टीतून निघतो, तसेच हे. फरक एवढा, की पक्ष्याच्या शरीरात आपल्यासारखा श्वासपटल नावाचा पडदा नाही. भाता हलतो तो छातीचे हाड पुढे-मागे झाल्याने. प्रत्येक श्वासाबरोबर ते हाड हलले पाहिजे. ते दाबून धरले की भाता बंद. आणखी एक विशेष असा, की शब्दिनी स्वतः यांपैकी एका पिशवीच्या आत, गळ्याच्या तळाशी असलेल्या पिशवीत, बसवलेली आहे. त्या पिशवीतला हवेचा दाब हाच घड्यांना एकमेकींजवळ आणण्यास मदत करतो. तिला छिद्र पडले, तर शब्दिनी शाबूत असूनही आवाज उमटत नाही.

गाणे श्वास सोडतानाच होत असेल, तर कॅनरीसारखा पक्षी सलग अर्धा मिनिट गातो तो कसा? याचा शोध लागला तेव्हा अभ्यासकही थक्क झाले. कॅनरी दोन सुरांच्या मध्ये, सेकंदाच्या काही शतांश भागात, एक अतिलहान श्वास आत घेते. सेकंदाला पंचवीस-तीस सूर, आणि जवळजवळ प्रत्येक सुरानंतर खर्च झाला तेवढाच श्वास पुन्हा जमा. व्यापारी वाचकांना हा जमाखर्च विशेष आवडावा. येथे दिवसाअखेरीस नव्हे, तर प्रत्येक व्यवहारानंतर शिल्लक जुळवली जाते. हे साधायचे तर स्नायूही तसेच हवेत. शब्दिनीचे स्नायू पृष्ठवंशी प्राण्यांतील सर्वांत वेगवान स्नायूंत गणले जातात. त्यांचे एक आकुंचन तीन-चार सहस्रांश सेकंदांत पुरे होते. आपली पापणी लवते तेवढ्यात ते शंभर वेळा काम करून मोकळे होतात, असे २००८ मध्ये स्टारलिंग व फिंच यांच्यावरील अभ्यासातून दिसून आले. स्टारलिंग म्हणजे आपल्या भोरड्या आणि साळुंकी यांच्या कुळातला.

नाद छातीत निर्माण झाला, तरी त्याला घाट मिळतो तो वाटेत. श्वासनळी, कंठाची पोकळी, जीभ आणि चोच ही सर्व मिळून गाळणीसारखी काम करतात. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टीफन नोविकी यांनी १९८७ साली एक साधा पण चतुर प्रयोग केला. हेलियम मिसळलेल्या हवेत पक्ष्यांना गाऊ दिले. हेलियममध्ये ध्वनी अधिक वेगाने जातो, त्यामुळे पोकळीची जुळणी बिघडते. शब्दिनीचा मूळ सूर तोच राहिला, पण एरवी स्वच्छ वाटणाऱ्या त्या सुरात न ऐकू येणारे वरचे उपस्वर आता स्पष्ट ऐकू येऊ लागले. म्हणजे शब्दिनीतून निघताना नाद मिश्रच असतो; वाटेत गाळून तो शुद्ध होतो. पुढे कार्डिनलवर झालेल्या निरीक्षणांत दिसले, की गाताना तो आपल्या कंठाची व अन्ननलिकेच्या वरच्या भागाची पोकळी सुरागणिक लहानमोठी करतो. खालच्या सुराला मोठी, वरच्या सुराला लहान. तंबोरा लावणारा खुंटी पिळतो, जव्हारीचा दोरा सरकवतो. येथे प्रत्येक सुराबरोबर सारा तंबोराच नव्याने लावला जातो. गाणाऱ्या दयाळाची चोच वरच्या सुराला अधिक उघडते, खालच्या सुराला मिटत येते, ती याच कारणाने. त्याला आविर्भाव समजू नये.

शीळकरी कस्तूर हा याच गायक पक्ष्यांच्या गणातला. त्याची शीळ माणसासारखी वाटते, कारण ती गाळून निघालेली, जवळजवळ एकसुरी शुद्ध शीळ असते. ओढ्याच्या खळखळाटात असला सूर दूरवर वेगळा ऐकू येतो.

येथे एक गमतीची गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. जीवशास्त्राच्या काटेकोर अर्थाने ज्यांना गायक पक्षी म्हणतात, त्यांच्या शब्दिनीला स्नायूंच्या बहुधा पाच-सहा किंवा अधिक जोड्या असतात. मोर, कोंबडा, हंस, सारस, कोकीळ यांपैकी एकही या गणात मोडत नाही. स्वरांसाठी परंपरेने ज्यांची नावे घेतली ती ही मंडळी खणखणीत आवाजाची असली, तरी त्यांची शब्दिनी साधी. उलट, ज्याच्या आवाजाला आपण कर्कश म्हणून हिणवतो तो कावळा मात्र शरीररचनेने पक्का गायक आहे! वसंत आला की कावळा कोण आणि कोकीळ कोण हे कळते, असे संस्कृत सुभाषित सांगते. शवविच्छेदनाच्या टेबलावर निकाल उलटा लागतो. आणि मराठीत आपण ‘कोकिळा गाते’ म्हणतो, तेही दुरुस्त करावयास हवे. ‘कुहू’ची आरोळी काळ्या, लाल डोळ्यांच्या नराची, ठिपक्याठिपक्यांची मादी वेगळाच कर्कश आवाज काढते.

या दोघांतला खरा भेद मात्र स्नायूंहून खोल आहे. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते. अंड्यातून बाहेर आल्यापासून त्याच्या कानी काव-काव पडत असते. तरीही मोठे झाल्यावर ते ‘कुहू’च म्हणते, कारण तो आवाज त्याने जन्मासोबत आणलेला असतो. गायक पक्ष्यांचे तसे नाही. दयाळ, बुलबुल, कस्तूर, फिंच यांच्या पिल्लांना गाणे वडीलधाऱ्यांकडून ऐकून शिकावे लागते. केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच पक्ष्याची पिल्ले एकटी वाढवली, तेव्हा ती मोठी होऊन गायली खरी, पण ते गाणे ओबडधोबड होते. त्यातले नेहमीचे तपशील, शेवटची ती खास फेक, गायब होती. शिकण्याला वयाची मर्यादाही असते. झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्यात साधारण पंचविसाव्या दिवसापासून नव्वदाव्या दिवसापर्यंतचा काळ हा गुरुकुलाचा काळ. आधी पिल्लू नुसते ऐकते. मग बोबडे गुणगुणते, चुकते, आपलाच आवाज आठवणीतल्या गाण्याशी ताडून पाहते. झोपेतही त्याच्या मेंदूतील गाण्याच्या पेशी दिवसाच्या पाठाची उजळणी करताना आढळल्या आहेत. नव्वदीच्या सुमारास गाणे पक्के होते आणि मग आयुष्यभर तेच.

हा झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा, तरी पुण्यातल्या पुष्कळ घरांना तो परिचित आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, बाल्कनीत टांगलेल्या पिंजऱ्यात ‘टीं-टीं’ करणारी लाल चोचीची जोडी बहुधा हीच. गाण्याविषयी जगाला जे ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग या पाखरावरील अभ्यासातून आला आहे.

तो कसा आला, हेही लपवण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील फर्नांडो नॉटेबोम यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चॅफिंचच्या शब्दिनीकडे जाणारी डावी मज्जातंतू कापली. पक्ष्याचे गाणे जवळजवळ नाहीसे झाले. उजवी कापली, तर थोडेच सूर गेले. डाव्या-उजव्याचे महत्त्व त्यावरून कळले. थॉर्प यांच्या पिल्लांचे एकटेपणही वर आलेच. तत्त्वार्थसूत्र दोन्ही संप्रदायांना मान्य. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. एका ज्ञानासाठी बंध झाला, दुसऱ्यासाठी छेद. मिळालेले ज्ञान आता परत करता येत नाही, आणि ते वापरून एखादे पाखरू वाचत असेल तर डोळे मिटून घेण्यातही पुण्य नाही. जीवांच्या दहा प्राणांची गणना करताना परंपरेने श्वासोच्छ्वास आणि वचनबल हे दोन स्वतंत्र प्राण मानले. पाखराच्या ठायी हे दोन्ही एकाच फाट्यावर एकत्र येतात. श्वास अडला की स्वर अडतो. स्वर बदलला की श्वासात काही बिघडल्याची शंका घ्यावी.

आता बंधाकडे. पर्युषणात, महावीर जन्मकल्याणकाला, काही घरांत पिंजऱ्यातील पाखरे विकत घेऊन सोडण्याची चाल आहे. तिच्यामागचा भाव निर्मळ आहे आणि परंपराही थोर आहे. नेमिनाथ प्रभू विवाहाला निघाले असता वाडग्यांत आणि पिंजऱ्यांत कोंडलेल्या जीवांचा आक्रोश त्यांच्या कानी आला आणि त्यांनी रथ परत फिरवला. १५८० च्या दशकात हीरविजयसूरींच्या उपदेशाने अकबराने पिंजऱ्यातले पक्षी मोकळे केले. पण अकबराने सोडले ते कोंडून ठेवलेले पक्षी होते. दुसऱ्या दिवशी तितकेच पुन्हा पकडून आणावेत, म्हणून कोणाला पैसे दिले नव्हते. आज सणाच्या आदल्या आठवड्यात मुनिया, पोपट बाजारात येतात ते ग्राहक आहे म्हणून. मागणी आणि पुरवठा यांचे नाते व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. भारतीय वन्य पक्ष्यांची खरेदी-विक्री आज बेकायदा आहे, मग ती सोडण्यासाठी का असेना. ‘जय जिनेंद्र’ म्हणायला शिकवलेला हिरवा पोपटही यातून सुटत नाही.

आणि सुटका झाली तरी काय सुटते? गाणे शिकण्याच्या वयातच जाळ्यात सापडलेले पिल्लू शेकडो पाखरांच्या कालव्यात, आपल्या जातीच्या बापाचा स्वर न ऐकता वाढते. सोडल्यावर ते उडते, फांदीवर बसते. पण गायक पक्ष्यात हद्द राखणे आणि जोडीदार मिळवणे ही दोन्ही कामे गाण्यावरच चालतात. अर्धवट शिकलेल्या गाण्याची किंमत त्याला तेथे मोजावी लागते. पुण्य करण्याची इच्छा असलेल्या घराने पिंजरा विकत न घेता तो विकणाऱ्याची खबर वनखात्याला द्यावी. खर्चही कमी येतो.

शहराच्या गोंगाटाचा विषय येथे दोन वाक्यांत आटोपावा लागेल. हॉलंडच्या लायडन शहरात गजबजलेल्या रस्त्यांवरील टिट पक्षी आपले खालचे सूर वर चढवून गातात, हे २००३ साली दिसून आले; २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोच्या चिमण्यांनी पुन्हा खालचे सूर धरले. कात्रज चौकातला दयाळ पहाटे, वाहनांची वर्दळ वाढण्याआधी, का गाऊन घेतो, याचा विचार तेथे राहणाऱ्यांनी अवश्य करावा.

जिवावर बेतणारी चूक म्हटली, ती संक्रांतीच्या दिवसांत घडते. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो तारांवर, झाडांवर लोंबकळत राहतो आणि महिनाभर पाखरे त्यात अडकत राहतात. दुकानात तो ठेवायचा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या व्रताला विचारावे. जखमी पाखरू दारात पडले, की दयाळू घर धावते. कोणीतरी त्याला मुठीत घट्ट धरते, निसटू नये म्हणून. आणि कोणीतरी चमच्याने चोचीत पाणी घालते, घसा कोरडा पडला असेल म्हणून. दोन्ही कृती करुणेच्या, आणि दोन्हींनी पाखरू मरते. मुठीत छातीचे हाड दाबले जाते, भाता थांबतो, काही क्षणांत श्वास कोंडतो. आणि चोचीत जिभेच्या मुळाशीच ते श्वासद्वार उघडे असते. धापा टाकणाऱ्या पाखराच्या तोंडात ओतलेले पाणी अन्ननलिकेत न जाता सरळ त्या दारातून खाली उतरते. दशवैकालिकसूत्राने ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले आहे, ते असल्या प्रसंगी नीट ध्यानात येते.

करावयाचे ते थोडे आहे. हलक्या सुती कापडाने पाखराला पंखांसह झाकून उचलावे. बोटे पाठीवरून दोन्ही बाजूंना येऊ द्यावीत, छातीवर दाब नको. झाकणाला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, कापडावर, अंधारात आणि शांत जागी ठेवावे. पाणी नको, तांदूळ नकोत, दूध तर मुळीच नको. पंखात रुतलेला मांजा ओढून काढू नये. खोक्याबाहेर लोंबणारा भाग तेवढा कात्रीने कापावा. मग वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या जवळच्या पशुवैद्याकडे. मुलांनी झाकण वरचेवर उघडून पाहू नये. प्रत्येक वेळी उजेड आणि चेहरे दिसले, की त्याचा श्वास पुन्हा चढतो.

पशुवैद्याला सांगण्यासाठी तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात: श्वास घेताना चोच उघडी आहे का, प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वरखाली होते का, आणि मानेच्या तळाशी किंवा खांद्याजवळ कातडीखाली हवेचा फुगा आल्यासारखे दिसते का. शेवटचे दिसले, तर हवेची पिशवी फाटलेली असण्याचा संभव असतो. असे पाखरू चोच उघडते, पण त्याचा आवाज येत नाही.